आपलं सोलापूर, आमचं सोलापूर

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकर घरात लग्न ठरलं, की घरची बाई शेजारणीला सांगते, ‘मा इंट्लो पेळ्ळि’. तीच बातमी ती सख्ख्या भावाला सांगते तेव्हा वाक्य बदलतं: ‘मन इंट्लो पेळ्ळि’. घर तेच, लग्न तेच, बोलणारीही तीच. पहिल्या वाक्याचा अर्थ ‘आमच्या घरी लग्न आहे’, दुसऱ्याचा ‘आपल्या घरी लग्न आहे’. ‘मा’ म्हटलं की ऐकणारा त्या घराच्या बाहेर राहतो, ‘मन’ म्हटलं की तो आत येतो. (इथल्या ‘मन’मधला शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारायचा.)

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमचं आणि आपलं यांतला फरक तो शाळेत जायच्या आधीच शिकलेला असतो. ‘आम्ही गड्ड्याला चाललोय’ हे वाक्य कानावर पडलं की मूल रडायला लागतं. ‘आपण गड्ड्याला चाललोय’ म्हटलं की ते चपला शोधायला धावतं. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला आपल्याला नेणार की नाही, हे त्याला एका सर्वनामावरून कळलेलं असतं.

मात्र शेजारच्या कन्नड घरात तीच लग्नाची बातमी ‘नम्म मन्याग मदुवि ऐति’ अशी येते. शेजारणीला सांगा, भावाला सांगा, ‘नम्म’ तेच राहतं. आमचं आणि आपलं ही दोन्ही कामं कन्नडात हा एकच शब्द करतो. दक्खिनी किंवा उर्दू बोलणाऱ्या घरातही ‘हमारे घर में शादी है’ या वाक्यातला ‘हमारे’ दोघांनाही चालतो.

मराठी, कन्नड, तेलुगू आणि दक्खिनी-उर्दू या चार भाषा सोलापुरात कित्येक पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. जिल्ह्याची हद्द कर्नाटकाला लागून आहे, आणि अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या गावांतून कन्नड घरोघरी बोलली जाते. तेलुगू आली ती प्रामुख्याने विणकरांबरोबर. 1877 मध्ये इथे पहिली कापड गिरणी, पुढे जिला गाव ‘जुनी गिरणी’ म्हणू लागलं, ती उभी राहिली. त्या काळापासून निजामाच्या राज्यातल्या तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं कामाच्या शोधात इथे येत राहिली. हातमाग, मग यंत्रमाग, चादर आणि टॉवेल यांच्याबरोबर त्यांची बोलीही इथे रुजली. म्हणून कोण कोणाला काय म्हणतं, आणि ‘माझं’ कसं म्हणतं, हा प्रश्न या गावात पुस्तकातला उरत नाही, तो रोजच्या व्यवहारातला होतो.

दुसऱ्याची भाषा शिकताना नामं आणि क्रियापदं हळूहळू साठत जातात. सर्वनामं मोजकीच असतात, ती एका संध्याकाळी पाठ होतात, पण जन्मभर चुकवतात. याचं कारण असं, की तोंड उघडण्यापूर्वीच ती बोलणाऱ्याकडून काही प्रश्नांची उत्तरं मागतात. ऐकणारा माझ्या बाजूचा आहे का? तो मोठा की बरोबरीचा? मी स्वतः पुरुष आहे की स्त्री? माझी वस्तू पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? प्रत्येक भाषा यांतले वेगळे प्रश्न निवडते. मातृभाषेने जो प्रश्न कधी विचारलेला नसतो, तिथेच माणूस अडखळतो.

पहिला प्रश्न ‘आम्ही’ की ‘आपण’ हा. भाषाशास्त्रज्ञ याला समावेशक आणि व्यावर्तक असा भेद म्हणतात. शाळेच्या व्याकरणात मराठीची मूळ सर्वनामं नऊ सांगतात: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. या यादीत ‘आम्ही’ नाही, कारण ते ‘मी’चं अनेकवचन धरलं जातं. ‘आपण’ला मात्र स्वतंत्र जागा आहे. दोन्ही शब्दांचं मूळ संस्कृत-प्राकृतातलंच आहे. ‘आम्ही’ हे प्राकृत ‘अम्हे’वरून आलं आणि ‘आपण’ हे ‘आत्मन्’वरून, म्हणजे ‘स्वतः’ या अर्थाच्या शब्दावरून. पण संस्कृतात ‘वयम्’ एकच होतं. ऐकणाऱ्याला धरून आम्ही आणि वगळून आम्ही, अशी वाटणी संस्कृत करत नव्हती.

ही वाटणी दक्षिणेकडच्या भाषांत पूर्वीपासून आहे. तमिळमध्ये ‘नांगळ्’ म्हणजे आम्ही आणि ‘नाम्’ म्हणजे आपण. मलयाळममध्ये ‘ञङ्ङळ्’ आणि ‘नम्मळ्’, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’. मूळ द्राविड भाषेतही हा भेद असावा, असं अभ्यासक धरतात. उत्तरेकडच्या हिंदीत तो प्रमाण भाषेत नाही. मराठी आणि गुजराती मात्र संस्कृत कुळातल्या असूनही तो पाळतात. शब्द उत्तरेचे आणि विभागणी दक्षिणेची, असं या सर्वनामांचं रूप आहे. एम. बी. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने 1956 मध्ये ‘भाषिक क्षेत्र म्हणून भारत’ ही कल्पना मांडली. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा दीर्घ शेजारामुळे एकमेकींसारख्या घडत जातात, हा त्या मांडणीचा गाभा होता. मराठीतले आम्ही-आपण त्या चित्रात नेमके बसतात.

यातला अनपेक्षित भाग असा, की मराठीला चिकटून असलेली कन्नड ही द्राविड भाषा आज हा भेद सर्वनामात ठेवत नाही. तिचं ‘नावु’ सगळ्यांना पुरतं. म्हणजे या एका बाबतीत सोलापूरच्या मराठी माणसाचं तेलुगूशी जितकं जुळतं, तितकं घराशेजारच्या कन्नडशी जुळत नाही. अर्थात कन्नड माणसाला ऐकणाऱ्याला सोबत घेता येत नाही, असा याचा अर्थ नाही. तो ते काम क्रियापदावर सोपवतो. ‘होगोण’ म्हणजे ‘जाऊ या’, यात समोरचा आलाच. ‘होग्तीवि’ म्हणजे ‘जातो’, यात तो असेल किंवा नसेलही. म्हणूनच कन्नड घरातून आलेला माणूस मराठीत ‘चला, आम्ही जाऊ या’ असं म्हणतो तेव्हा त्याने कोणाला वगळलेलं नसतं. क्रियापदातून त्याने निमंत्रण दिलेलंच असतं, सर्वनामातही ते द्यावं लागतं याची त्याच्या कानाला सवय नसते, इतकंच. हिंदी मातृभाषेच्या माणसाचंही तेच होतं. तेलुगू माणसाची मात्र इथे सहसा चूक होत नाही.

सरकारी नावांतही हा फरक दिसतो. महाराष्ट्र शासनाच्या सेवांचं संकेतस्थळ ‘आपले सरकार’ या नावाने चालतं. ‘आमचे सरकार’ असं नाव दिलं असतं, तर दाखला मागायला आलेला नागरिक पहिल्या शब्दातच परका झाला असता. तेलंगणात 2022 मध्ये शाळा सुधारण्यासाठी जी योजना सुरू झाली तिचं नाव ‘मन ऊरु – मन बडि’, म्हणजे आपलं गाव, आपली शाळा. तिथेही ‘मा’ चाललं नसतं. बंगळुरूत 2011 मध्ये मेट्रो धावू लागली ती ‘नम्म मेट्रो’ या नावाने. नाव ठेवणाऱ्यांना तिथे निवड करावी लागलीच नाही, ‘नम्म’मध्ये प्रवासी आपोआप आला.

घरात मात्र उलटा कल दिसतो. तेलुगू माणूस एकुलता एक असला तरी ‘ना अम्म’ म्हणण्यापेक्षा ‘मा अम्म’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘आमची आई’. कन्नडात ‘नम्म अप्प’ म्हणतात, मराठीत ‘आमचे वडील’. आईवडील, घर, गाव यांवर एकट्याची मालकी सांगायची नाही, ही रीत तिन्ही भाषांत सारखी आहे. नवऱ्याचा उल्लेख तर आणखी बोलका आहे. जुन्या वळणाची मराठी बाई नवऱ्याचं नाव घेण्याऐवजी ‘आमचे हे’ म्हणते, तेलुगू बाई ‘मा वारु’ किंवा ‘मा आयन’ म्हणते, कन्नड बाई ‘नम्म मनियवरु’, म्हणजे ‘आमच्या घरचे’. तिन्ही ठिकाणी एका माणसासाठी आदरार्थी सर्वनाम किंवा तसंच रूप आणि त्याच्या अलीकडे अनेकवचनी मालकी. आणि ज्या दोन भाषांत निवड करता येते, त्या दोन्हींत इथे वगळणारंच रूप येतं. ‘आपले हे’ कोणी म्हणत नाही, आणि ‘मन आयन’ही नाही.

मालकीच्या शब्दांकडे वळलं, की मराठी ही शिकणाऱ्यासाठी या चार भाषांत सगळ्यांत कठीण ठरते. विणकराच्या तीन वस्तू घ्या. मराठीत माझा माग, माझी चादर, माझं सूत. तेलुगूत ना मग्गं, ना दुप्पटि, ना नूलु. कन्नडात नन्न मग्ग, नन्न चादर, नन्न नूलु. तेलुगूतलं ‘ना’ आणि कन्नडातलं ‘नन्न’ कशानेही हलत नाही. मराठीतला शब्द वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतो. वस्तू अनेक झाल्या की माझे माग, माझ्या चादरी, माझी दुकानं असा पुन्हा बदलतो, आणि पुढे विभक्ती आली की माझ्या मागावर, माझ्या चादरीला, माझ्या सुताचा असा सामान्यरूपात जातो.

इंग्रजीची तऱ्हा तेलुगू-कन्नडासारखीच आहे, तिथला ‘माय’ कधी बदलत नाही. डच भाषेतही ‘मेन’ म्हणजे माझा हा शब्द स्थिर असतो. पण ‘आमचा’ म्हणायची वेळ आली की डच भाषा एकदम मराठीच्या बाजूला येते: घराला ‘ऑन्स हाउस’ आणि शहराला ‘ऑन्झ स्टाट’, कारण डचमध्ये घर नपुंसकलिंगी आहे आणि शहर तसं नाही. डच शिकणाऱ्या इंग्रज माणसाला हा एकच अपवाद लक्षात ठेवावा लागतो. नोकरीसाठी नेदरलँड्सला गेलेल्या सोलापूरच्या मराठी इंजिनिअरला त्यात नवं काहीच नाही, लहानपणापासून तो प्रत्येक वस्तूसाठी हेच करत आला आहे. बरोबरीच्याला ‘ये’ आणि अनोळखी किंवा वडीलधाऱ्याला ‘ऊ’ हा डच भेदही त्याला तू-तुम्हीवरून लगेच कळतो. इंग्रजीने आपला ‘तू’ बोलण्यातून कधीच घालवला, त्यामुळे इंग्रज माणसाला तो नव्याने शिकावा लागतो.

तिसऱ्या माणसाच्या मालकीत मराठी आणखी एक पाऊल पुढे जाते. इंग्रजी ‘हिज’ आणि ‘हर’ फक्त मालक पुरुष की स्त्री एवढंच सांगतात. फ्रेंच भाषा मालकाकडे बघत नाही, फक्त वस्तूचं लिंग सांगते. मराठी दोन्ही सांगते. ‘तिचा’ या शब्दात मालक स्त्री आहे हे ‘ति’मध्ये कळतं आणि वस्तू पुल्लिंगी आहे हे ‘चा’मध्ये. त्याचा, त्याची, त्याचं, तिचा, तिची, तिचं: एकाच शब्दात दोन माणसांची चौकशी केल्यासारखं हे आहे. तेलुगू किंवा कन्नड घरातलं मूल मराठी शाळेत ‘माझा वही’ म्हणतं तेव्हा त्याला अर्धी गोष्ट बरोबर आलेली असते. मालक कोण ते त्याने सांगितलं. वस्तूलाही काही विचारायचं असतं, हे त्याच्या घरच्या भाषेने कधी सांगितलेलं नसतं. त्याच्या शिक्षकांनी हे लक्षात घेतलं, तर लाल शाईऐवजी ‘माझा माग, माझी चादर, माझं सूत’ अशा ओळखीच्या जोड्यांनी काम लवकर होईल.

बोलणाऱ्याचं स्वतःचं लिंग हाही असाच मुद्दा. मराठीत मुलगा ‘मी आलो’ म्हणतो आणि मुलगी ‘मी आले’. कन्नडात दोघंही ‘नानु बंदे’ म्हणतात, तेलुगूत दोघंही ‘नेनु वच्चानु’. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात तर मराठी बोलणाऱ्याला बाजूलाच ठेवते. ‘मी माग लावला’, ‘मी चादर विणली’, ‘मी सूत रंगवलं’ या वाक्यांत क्रियापद वस्तूचं ऐकतं. मागावर बसलेला पुरुष असो की स्त्री, ‘विणली’ ही चादरीमुळेच येते. अनेकवचनात मात्र ‘आलो’-‘आले’ हा भेद गळून पडतो. बायकांचा मेळा असला तरी त्या ‘आम्ही आलो’ असंच म्हणतात.

तिसऱ्या पुरुषात चित्र उलटतं. इथे कन्नड आणि मराठी जवळ येतात, तेलुगू वेगळी राहते. कन्नडात तो आला ‘बंदनु’, ती आली ‘बंदळु’, ते आलं ‘बंतु’, असे मराठीसारखेच तीन रस्ते आहेत. तेलुगूत एकवचनाला दोनच रस्ते आहेत: पुरुष आला तर ‘वच्चाडु’ आणि बाकी कोणीही आलं तर ‘वच्चिंदि’. बाई आली तरी ‘वच्चिंदि’ आणि बस आली तरी ‘वच्चिंदि’. मराठी माणसाला हे ऐकून स्त्रीचा अनादर झाल्यासारखं वाटेल, पण तेलुगू आदर दुसरीकडे दाखवते. सर्वनामांतच तिने पायऱ्या केल्या आहेत. पुरुषासाठी वाडु, अतनु, आयन अशा चढत्या मानाच्या, आणि स्त्रीसाठी अदि, आमे, आविड अशा. अनेकवचनात स्त्री-पुरुष सगळे एकत्र ‘वच्चारु’ होतात. घरातल्या मोठ्या बाईबद्दल बोलताना हेच मानाचं अनेकवचन वापरतात, जसं मराठीत ‘आत्या आल्या’ म्हणतात.

काही सर्वनामं तर कानाला सरळ फसवतात. तेलुगूत ‘मी’ म्हणजे ‘तुमचं’. ‘मी पेरु एमि?’ असा प्रश्न आला की मराठी माणसाला त्यात ‘मी’ ऐकू येतो आणि फळही आठवतं, पण विचारणारा नाव विचारत असतो: तुमचं नाव काय? दुसरी गफलत ‘नीवु’ची. कन्नडात ‘नीवु’ म्हणजे तुम्ही, आदराचा शब्द. तेलुगूत ‘नीवु’ म्हणजे तू. बोलण्यात त्याचं ‘नुव्वु’ होतं, पण गाण्यांत आणि ग्रंथांत ‘नीवु’ राहतं. आदर दाखवायला तेलुगूत ‘मीरु’ म्हणावं लागतं. त्यामुळे कन्नडच्या सवयीने एखाद्या तेलुगू आजोबांना कोणी ‘नीवु’ म्हटलं, तर त्याने नकळत अरे-तुरे केलेलं असतं.

मराठीच्या ‘आपण’वरही कामाचा भार मोठा आहे. तो समोरच्याला सोबत घेतो, समोरच्याला मान देतो (‘आपण बसा’), आणि कर्त्याकडे परतही वळतो. ‘रमेशने सुरेशला त्याची सायकल दिली’ या वाक्यात सायकल कोणाची हा वाद होऊ शकतो. ‘आपली सायकल दिली’ म्हटलं की ती रमेशची. इंग्रजीतला ‘हिज’ हा वाद मिटवत नाही. कन्नडचं ‘तन्न’ आणि तेलुगूचं ‘तन’ मिटवतात, कारण ते कर्त्याकडेच बोट दाखवतात. कन्नडच्या ‘तावु’मध्येही मराठी ‘आपण’सारखी दुहेरी सोय आहे. ‘ते स्वतः’ हा अर्थ तर त्यात आहेच, शिवाय औपचारिक आदराने ‘आपण’ असंही त्याने म्हणता येतं.

भाषा इतक्या जवळ राहिल्या की शेवटी काय होतं, याचं उत्तर सोलापूरपासून फार लांब नसलेल्या कुपवाडने दिलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या या गावावर जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये लिहिलेला निबंध जगभरच्या भाषाशास्त्रात आजही शिकवला जातो. तिथे जैन शेतकरी कन्नड, मुसलमान उर्दू, दोर वळणारी काही कुटुंबं तेलुगू आणि इतर मराठी बोलत. कित्येक पिढ्या दोन-तीन भाषांत व्यवहार केल्यावर या भाषांची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती, की एका भाषेतलं वाक्य शब्दागणिक दुसरीत ठेवता येई. मालकीच्या सर्वनामांतही हे घडलं होतं. प्रमाण कन्नडात ‘हे तुमचं घर’ म्हणताना ‘निम्म’ येतं आणि ‘हे घर तुमचं’ म्हणताना ‘निम्मदु’. मराठी आणि उर्दू दोन्ही ठिकाणी एकच रूप वापरतात. कुपवाडच्या कन्नडानेही दोन्ही जागी एकच रूप घेतलं होतं.

पण शब्द कोणीच सोडले नव्हते. रचना सामाईक झाली, तरी प्रत्येक घराने आपलं ‘तुमचं’, आपलं ‘निम्मदु’, आपलं ‘तुम्हारा’ राखलं, आणि कोण कुठल्या घरातलं हे त्यावरून ओळखू येत राहिलं. सोलापूरची स्थिती कुपवाडपेक्षा थोडी वेगळी आहे. इथे मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमांच्या शाळाही राहिल्या, त्यामुळे प्रत्येक भाषेचं प्रमाण रूप मुलांच्या कानावर पडत राहिलं. तरी रोजच्या बोलण्यात शेजार दिसतोच. दक्खिनी बोलणारा ‘मेरेकू’ म्हणतो आणि ‘अपन चलेंगे’ म्हणत मराठी ‘आपण’चं काम हिंदी-उर्दूच्या शब्दाकडून करून घेतो.

म्हणून या गावात शेजाऱ्याची भाषा शिकायची, तर सुरुवात पंधरा-वीस सर्वनामांपासून करावी. तेलुगूकडे निघालेल्या मराठी माणसाने आधी ‘मा’ आणि ‘मन’ घ्यावेत, ते त्याला आयते मिळतात. मग ‘ना’ कधीच बदलायचा नाही हे स्वतःला बजावावं, आणि नाव विचारणारा ‘मी’ ओळखायला शिकावं. कन्नडकडे निघालेल्याने ‘नम्म’वर सगळं सोडून द्यावं आणि समोरच्याला सोबत घ्यायचं असेल तेव्हा क्रियापद ‘होगोण’सारखं ठेवावं. मराठीकडे येणाऱ्या तेलुगू किंवा कन्नड माणसाने प्रत्येक नवं नाम एकटं पाठ न करता त्याच्या मागे ‘माझा’, ‘माझी’ किंवा ‘माझं’ जोडूनच पाठ करावं: माझा माग, माझी चादर, माझं सूत, माझा भाऊ, माझी गल्ली, माझं दुकान. लिंग आणि मालकी दोन्ही त्याला एकदमच येतील.